कोणी बोललंच नव्हतं

धानोऱ्याच्या बिछायत केंद्रातून भाड्याच्या खुर्च्या आणायचं काम दिव्यानीवर आलं, कारण संस्थेची गाडी त्या सकाळी तिच्याच ताब्यात होती. लाल प्लास्टिकच्या पंधरा खुर्च्या तिनं एकात एक घालून मागे रचल्या, दोरीनं आवळल्या आणि ऊन तापायच्या आत ती गोदामाशी पोचली. गोदाम म्हणजे एके काळी तेंदूपत्ता साठवायची लांबच लांब पत्र्याची इमारत. संस्थेनं ती घेतली, आतून चुना मारला, पंखे लावले आणि तिथं प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. तेंदूपत्ता जाऊन कित्येक वर्षं झाली होती, तरी भिंतींना त्याचा वास होता. कडवट, कोरडा, तंबाखूच्या जवळ जाणारा. दारं लावून बसलं की थोड्या वेळानं तो घशात उतरे.

प्रशिक्षण द्यायला आलेल्या बाई आयर्लंडच्या. नोरा त्यांचं नाव. वय चौसष्ट. तिकडे पस्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. ज्या घरांत लेकरांचा छळ होतो त्या घरांत जायचं आणि लेकरांना बाहेर काढायचं. निवृत्त झाल्यावर त्या स्वयंसेवक म्हणून देशोदेशी जाऊन तिथल्या कार्यकर्त्यांना शिकवत. इथं तीन आठवड्यांसाठी आल्या होत्या. समोर बसलेले बाराजण गावोगावी फिरणारे कार्यकर्ते. एकट्या म्हाताऱ्या, अपंग, टाकून दिलेल्या बायका अशांची यादी प्रत्येकाकडे असे आणि महिन्यातून एकदा त्यांच्या घरी जाऊन भेटीचा फॉर्म भरायचा असे. त्यांतले सगळ्यांत जुने वारलूभाऊ पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “धानोऱ्यात आली म्हनून नोरा. बाकी मंग ठीकच हाये.” दिव्यानीनं ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा नोरा खूप हसल्या होत्या.

दिव्यानी दुभाषी होती. सहा वर्षं हेच करत होती. नोरांच्या उजव्या खांद्यामागे खुर्ची ओढून बसायची, नजर जमिनीवर ठेवायची आणि जो बोलेल त्याचं बोलणं खालच्या आवाजात इंग्रजीत सांगत राहायची. समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघायची नाही, सोबत चालायचं. ते एकदा जमलं की कानात शिरलेलं सरळ तोंडातून निघे, मधे दिव्यानी नसेच. दिवस संपल्यावर आपण काय काय बोललो हे तिला पुष्कळदा आठवत नसे.

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी नोरांनी मधोमध एक रिकामी खुर्ची ठेवायला सांगितली.

“ज्या माणसाला तुम्हाला मदत करता आली नाही,” त्या म्हणाल्या, “ते माणूस इथं बसलंय असं समजा. त्याच्याशी बोला. मग उठून त्याच्या जागी बसा आणि त्यानं काय उत्तर दिलं असतं ते बोला.”

आधी सगळे लाजले. मग वारलूभाऊ बसले आणि एका दारुड्याच्या बायकोशी बोलले. त्यांच्यानंतर एकेक करत बाकीचे बसले आणि शेवटी राजदीप उठला. पंचविशीतला, अबोल पोरगा. फॉर्म सगळ्यांत नीटनेटके त्याचेच असत. तो खुर्चीसमोर बसला, दोन्ही हात गुडघ्यांमधे धरले आणि गप्प झाला.

दुपारचे अडीच वाजले असतील. बाहेर बांध्यांमधून धानकापणी चालली होती, पण आवाज इथवर येत नव्हता. उन्हानं पत्रा मधूनच कडकडत होता. पंखा बंद पडला होता. दिव्यानी जमिनीकडे बघत वाट पाहत राहिली.

“चूल पेटवता येत नाई मले.”

आवाज बारीक होता, कोरडा, अजिबात घाईत नसलेला. राजदीप म्हातारीची नक्कल करतोय असं तिला वाटलं. ती बोलू लागली. आवाज पुढे जात राहिला, ती मागे जात राहिली. नोरांचं पेन कागदावर सरसरत होतं. चारपाच मिनिटांनी आवाज थांबला, तशी दिव्यानीही थांबली.

नोरा पुढे झुकल्या. “राजदीप, फार छान. तू त्या बाईला अगदी जवळून पाहिलं आहेस,” त्या म्हणाल्या आणि दिव्यानीनं ते मराठीत सांगितलं.

राजदीपनं मान वर केली. “मी तं काही बोललो नाई, ताई.”

“आता बोलला ना तू...”

“नाई. मले सुचूनच नाई राह्यलं.”

दिव्यानीनं बाकीच्यांकडे पाहिलं. सगळे तिच्याकडेच बघत होते. वारलूभाऊ हळूच म्हणाले, “बाई, कोनीच नाई बोललं. तुमीच इंग्रजीत बोलून राह्यल्या होत्या. आमाले वाटलं, मॅडमले काही समजावून राह्यल्या.”

पत्रा पुन्हा कडकडला. काय चाललंय ते नोरांना कळेना. त्यांनी विचारलं तेव्हा तिनं जसंच्या तसं सांगितलं. नोरांनी वही तिच्या हातात दिली. दोन पानं भरली होती. दिव्यानी आपलेच शब्द वाचून एकेक मराठीत सांगू लागली.

“चूल पेटवता येत नाही मला. उजवं अंग गेलं. शेजारीण जेवण ठेवून जाते ते उजव्या बाजूला ठेवते. त्या हाताला ते उचलत नाही. डावा हात तिथवर पोचत नाही. वास येत राहतो, मग कोंबड्या येतात. पाठीला जखम झाली आहे. तिच्यात मुंग्या...”

“पुरे करा, ताई,” राजदीप म्हणाला.

त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. “माह्या यादीत हाये एक. गिरजाबाई. कोसमटोल्याची. नाल्याच्या पल्याड एकली राहते. पन तिले लकवा कधी झाला... मले मालूम नाई.”

“मागच्या महिन्यात भेट दिली ना?” दिव्यानीनं विचारलं.

त्यानं खिशातलं पेन काढलं, पुन्हा ठेवलं. मग म्हणाला, “नाल्याले पानी होतं. माही गाडी एकदा वाहून जाता जाता वाचली. दोन महिने गेलोच नाई मी. घरी बसून लिवलं... भेट झाली, तब्येत ठीक.”

दिव्यानीनं हे इंग्रजीत सांगितलं. नोरा उठल्या. त्यांनी वही पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, “गाडी काढा.”

नाल्यात आता गुडघाभर पाणी होतं. गाडी अलीकडे ठेवून चौघं पायी निघाले. नोरा, दिव्यानी, राजदीप आणि वारलूभाऊ. कोसमटोल्याला पोचले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. सात-आठ घरं, सगळी बंद. माणसं कापणीला गेलेली. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. फक्त एका छपरीत पाय दुखावलेला एक माणूस दोर वळत बसला होता. त्यानं सुकलू असं नाव सांगितलं आणि शेवटच्या घराकडे बोट केलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आधी वास आला. मग अंधाराला डोळे सरावले तशी खाट दिसली आणि खाटेवर गोधडीच्या घडीएवढी गिरजाबाई. जर्मनचं ताट तिच्या उजव्या हाताशी होतं. त्यात एक कोंबडी उभी होती. राजदीपनं तिला हाकललं नाही. तो नुसता बघत राहिला आणि मग दारातच खाली बसला.

गिरजाबाई जिवंत होती.

नोरांनी तिला हलकेच कुशीवर वळवलं आणि ओठ घट्ट मिटले. दिव्यानीनं पाठीकडे पाहायचं टाळलं. ती गुडघे टेकून गिरजाबाईच्या तोंडाशी वाकली. “बाई,” ती म्हणाली, “तुमी बोलल्या का मले... दुपारी?”

सुकलू काठी टेकत मागून आला होता. “ते काय बोलते,” तो म्हणाला. “पोयाच्या सनापासून वाचा गेली तिची. एक शब्द नाई. आमी तं समजलो, भूक बी गेली.”

गिरजाबाई दिव्यानीच्या डोळ्यांकडे बघत नव्हती. ती तिच्या ओठांकडे बघत होती. तिनं डावा हात उचलला, थरथरत वर आणला आणि एक बोट दिव्यानीच्या खालच्या ओठावर ठेवलं. विनवणी नव्हती त्यात, आभारही नव्हते. विहिरीला पाणी किती आहे हे बघावं तसं तिनं ते ओठ चाचपले. मग हात खाली पडला.

खाटेसकट तिला नाल्यापार नेलं आणि दिवे लागायच्या सुमारास गडचिरोलीच्या दवाखान्यात दाखल केलं. आणखी आठवडा गेला असता तर वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले. पुढचा आठवडाभर राजदीप रोज संध्याकाळी बसनं जायचा, तिच्या डाव्या बाजूला बसायचा आणि चमच्यानं पेज भरवायचा. आपण काय केलं ते त्यानं स्वतः कार्यालयात जाऊन लिहून दिलं. मग बाकीचेही बोलू लागले. बाराजणांपैकी सातजणांनी असा एखादा फॉर्म घरी बसून भरला होता. नोरांनी प्रशिक्षण दोन दिवस बाजूला ठेवून त्या सातजणांना राहिलेल्या घरी पाठवलं. सगळी माणसं सापडली, बरीवाईट, पण जिवंत.

लोकांचं भलं झालं होतं. दिव्यानीला मात्र झोप येत नव्हती. कुठंही चार माणसं गप्प बसली की ती सगळ्यांच्या ओठांकडे बघे. ती काहीतरी बोलून ती शांतता भरून काढी. गोदामातली ती रिकामी खुर्ची कुणीतरी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. तिच्यावर कोणी बसत नव्हतं, पिशवीसुद्धा ठेवत नव्हतं.

नोरांचा निघायचा दिवस बुधवार होता. मंगळवारी दुपारी शेवटचं सत्र संपलं. चहा झाला. हार घालून झाले. मग वारलूभाऊ खाकरले.

“मॅडमले सांगा बाई, एक बोलायचं होतं. आमी सारे त्या खुर्चीसमोर बसलो. मॅडम एकल्याच नाई बसल्या.”

दिव्यानीला हे सांगावंसं वाटेना. पण सहा वर्षांत तिनं कुणाचं वाक्य गिळलं नव्हतं. तिनं सांगितलं. नोरा हसल्या. “बरोबर आहे त्यांचं,” म्हणाल्या. त्यांनीच ती खुर्ची भिंतीपासून ओढून मधोमध आणली आणि तिच्यासमोर बसल्या. वही मांडीवर उघडी ठेवली. काय बोलावं याचा विचार करू लागल्या.

दिव्यानीनं नजर जमिनीवर टाकली. वास घशात उतरला. बाहेर बैलगाडी चालली होती तिची चाकं कुरकुरत लांब गेली... आणि मग काहीच नाही.

ती बोलत होती.

हे तिला कळलं ते वारलूभाऊंच्या हातातला कप खाली पडला तेव्हा. तो आवाज कानात शिरला आणि पाठोपाठ तिला तिचा स्वतःचा आवाज ऐकू आला. ती इंग्रजीत बोलत नव्हती. नोरांकडे पाठ करून, समोरच्या बाराजणांना, आपल्या आईशी बोलावं तशा बोलीत ती सांगत होती:

“...बाई म्हने, सोमवारी न्याले येतो. मी जिन्याखाली बसून राह्यलो. थैली बी भरली माही. सोमवार गेला, मंगय गेला. घरचे वरून जिना उतरून राह्यले तं मले पायऱ्या आयकू येत. मी मोजत होतो. बाई आली नाई. मंग मीच निंगालो तिच्या घरी. लय दूर होतं, लय सालं लागली. आता पोचलो. घरात कोनी नाई. थे बाई शुकरवारी येनार हाये. मी दार उघडून ठेवलं...”

दिव्यानीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. ओठ हातांखाली थोडा वेळ हलतच राहिले.

राजदीप मान खाली घालून बसला होता. जे ऐकलं ते बाराजणांना कळलं होतं, आणि ज्यांचं होतं त्या नोरांना एक अक्षर कळलं नव्हतं.

नोरा वळल्या. चेहऱ्यावर अजून तेच हसू होतं. “दिव्यानी, काय सांगितलंस त्यांना? मी तर अजून सुरुवातही केली नाही.”

दिव्यानीनं सांगितलं. एकही शब्द न गाळता, सरळ, जमिनीकडे बघत. सांगताना तिला वाटत होतं, आता त्या म्हणतील की असं कुणी लेकरू नव्हतंच. असं कधी घडलंच नाही. तिनं मनातल्या मनात तेवढंच मागितलं.

नोरांनी वही मिटली. पेनाचं टोपण लावलं. ते नीट बसलं नाही, पुन्हा लावलं. शुक्रवारी सकाळी त्या आपल्या घरी पोचणार होत्या. तिकडे त्या एकट्याच राहत, आणि त्या घरालाही जिना होता. मग त्या दिव्यानीकडे सरकल्या आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी विचारलं,

“कोणतं दार म्हणाला तो... पुढचं, की जिन्याखालचं?”