फाटकातली दोरी

दीर गेला त्या दिवशी तिने देवापुढे शब्द दिला होता. नवऱ्याचा ट्रेलर रेल्वेचं फाटक ओलांडणार असेल, तर आधी आपण खाली उतरायचं, दोरी धरायची आणि मगच त्याला पुढे येऊ द्यायचं.

ट्रेलर लांबलचक आणि बुटका. पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. फाटकातला उंचवटा जरा वाढला की पोट रुळावर बसणार, चाकं जागच्या जागी फिरणार. दिराचा ट्रेलर असाच अडकला होता, याच फाटकात. तो खाली शिरून जॅक लावत होता, तेवढ्यात गाडी आली.

दोरीचं काम तसं सोपं. ट्रेलरच्या पोटाच्या उंचीच्या दोन काठ्या, त्यांच्यामध्ये पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतराएवढी दोरी. रुळांच्या अल्याडपल्याड काठ्या जमिनीला टेकवून दोरी ताणायची. रुळाला लागली, की मुकाट्याने परत फिरायचं.

त्या सकाळी दाट धुकं होतं. "गेल्या महिन्यात गेलो की इथूनच," नवरा खिडकीतून म्हणाला. "पण तुझा शब्द म्हणजे शब्द. जा, उरक."

पलीकडची काठी फाटकवाल्याने धरली. रस्त्याकडेला चिखल, त्यात सांडलेलं तेल, गाड्यांतून पडलेली घाण. बुटक्या गाड्यांना मनाई करणारी पाटी त्यातच लोळत होती, वर कुणीतरी मनसोक्त थुंकलेलं. तरी श्वास रोखून ती वाकली.

"टेकवलीत ना, दादा?"

"टेकवली हो ताई! येऊ द्या त्यांना!"

दोरी रुळांच्या चांगली वर होती. नवऱ्याला खूण करायला तिने हात उचलला, आणि दोरी हळूच खाली जाऊ लागली.

"ताई... ओढता कशाला?"

"मी कुठे ओढतेय?"

मग वास आला. जळक्या ग्रीसचा, कुबट. "शी! आधी हात धू, मग ताटाला शिव," असं ती ज्याच्यावर रोज खेकसायची, त्याच्या नखांतला. "सोवळी वहिनी आमची," म्हणून तो हसायचा...

पलीकडची काठी धप्पकन चिखलात बसली. दोरी रुळावर टेकली.

"खरं सांगा, दादा."

"त्या घाणीत कोण वाकणार?" फाटकवाला पुटपुटला. "कमरेशी धरली होती. परवाच खडी टाकून रूळ वर घेतलेत, पण एवढ्यातेवढ्याने काय..."

चिखलाची वाटली नव्हती एवढी किळस तिला त्या माणसाची वाटली. नवऱ्याने ट्रेलर मागे घेतला. फाटकवाला मात्र काठी सोडेना.

"ताई... मधे वाकून बसला होता, तो तुमचाच माणूस ना?"

दोरीच्या मधोमध पाच काळी बोटं उमटली होती. तिने सोड्याने, राखेने, उकळत्या पाण्याने दोरी धुतली. पण बोटं जात नाहीत. वाट मोकळी असली की ती कोरडी असतात. नसली की ओली होतात.

तुमच्या घरातलं कुणी अशी गाडी चालवत असेल, तर देवापुढे एवढा शब्द तुम्हीही द्या. खाली उतरा, वाका, काठी जमिनीला टेकवा. आणि दोरी मधेच कुणी धरली असं वाटलं, तर घाबरून सोडू नका.