लाल दिव्याची साक्ष

"गेला! हासुद्धा गेला!" मामाने हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर आपटला.

सुट्टीसाठी आलेली तिन्ही भाचरं धावत दुकानात शिरली. सगळ्यांत पुढे खारू. ती सगळ्यांत लहान, आणि एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. मागोमाग तिची मावसबहीण ठिणगी. शेवटी ठिणगीचा मोठा भाऊ प्रोफेसर, ज्याला कुणी न विचारताच माहिती सांगायची खोड होती.

दुकानाच्या मधोमध कपाटाएवढं एक जुनं खेळाचं मशीन उभं होतं. त्यातून विमानाची घरघर अगदी झोकात ऐकू येत होती. पडदा मात्र काळाकुट्ट! मागच्या उघड्या दारातून आतला एक छोटा लाल दिवा तेवढा दिसत होता.

"याच्या पडद्यावर ठिपके नसतात," प्रोफेसर सुरू झाला. "प्रकाशाचा एकच किरण भराभर रेघा ओढतो. आपण पाटीवर ओढतो ना, तशा!"

"कुठे आहेत रेघा?" खारूने विचारलं.

"रेघा येतील कशा?" मामा फणफणला. "रेघा ओढणारा सर्किट-बोर्डच मेलाय! तीन जुन्या मशीनमधले तीन बोर्ड आणले पार्टवाल्याकडून. प्रत्येक वेळी हाच लाल दिवा! एका बाकावर बसून शिकलो आम्ही, आणि मलाच टोपी घालतो!"

पार्टवाले काका जुन्या मशीनचे सुटे भाग विकत. मामाने फोन उघडून दाखवला. दुरुस्तीवाल्यांच्या ग्रुपसाठी निरोप लिहून तयार होता: 'पार्टवाल्याकडून काहीही घेऊ नका. तो मेलेला माल विकतो.'

"दुकान बंद करताना पाठवतो." मामाने मशीन बंद करून बोर्ड बाहेर काढला. " तोवर हा बोर्ड त्याला परत देऊन या. आणि मशीनच्या आत कुणी बोट घालायचं नाही. बंद असलं तरी झटका बसतो."

रस्त्यात ठिणगी एकदम थांबली. "तीन वेगळ्या मशीनमधले तीन बोर्ड. तिघांना एकच आजार? असं कसं?"

"योगायोग," प्रोफेसर म्हणाला.

"तुला उत्तर आलं नाही की तू योगायोग म्हणतोस!"

पार्टवाल्या काकांचं गोदाम म्हणजे वायरी, बटणं आणि पडद्यांचा नुसता डोंगर होता. मुलांचं बोलणं ऐकून काकांचा चेहरा उतरला.

"मेलेला? अरे, मी स्वतः चालवून बघितलाय!" कोपऱ्यात तसंच एक मशीन होतं. काकांनी ते बंद करून त्यातला बोर्ड काढला, मुलांनी आणलेला बसवला आणि बटण दाबलं. पडद्यावर लख्ख रेघांचे डोंगर उभे राहिले आणि त्यांच्यामधून इवलंसं विमान निघालं!

"म्हणजे मामा खोटं बोलतोय?" खारूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"छे गं! त्याला शाळेत साधी कॉपी करता आली नाही." काकांना हसू आलं, पण लगेच मावळलं. "तो निरोप गेला तर मात्र मी संपलो. माझी सगळी गिऱ्हाइकं त्याच ग्रुपवर आहेत."

मुलांना फार वाईट वाटलं. पण ठिणगी अजून त्या बोर्डाकडेच बघत होती.

"काका, रेघा कुठे ओढायच्या हे बोर्डाला कोण सांगतं?"

"खेळाचा मुख्य बोर्ड. या वायरीतून."

"ती वायर काढली तर?"

काकांनी मशीन बंद केलं, वायरीचा प्लग उपसला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. घरघर ऐकू आली. पडदा काळा. आणि आत लाल दिवा!

"अय्या! अगदी मामाच्या मशीनसारखं!" खारूने उडीच मारली.

"कळलं!" प्रोफेसर ओरडला. "हुकूम आला नाही तर किरण एकाच जागी थांबेल आणि पडदा जळेल. म्हणून हा दिवा लागतो आणि पडदा बंद होतो. बोर्ड मेलेला नाहीच, तो राखण करतोय!"

"आणि मामाकडे घरघर येतेय, म्हणजे खेळही चालू आहे," ठिणगी म्हणाली. "मग उरलं काय? वायर!"

काकांनी कपाळावर हात मारला. "लाल दिवा लागला की माल परत येतो, एवढंच मला ठाऊक! इतकी वर्षं मीही तो निमूटपणे परत घेत आलो."

तिघं बोर्ड घेऊन पळत सुटली. मामा शटरची किल्ली शोधत होता.

"मामा, वायर तपास!"

"वायर? ती मी स्वतः जोडलीय! जुनीच, पण चांगली बघून." मामाने फोन उचलला. "चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय मी. मला शिकवू नका."

खारू रडकुंडीला आली. ठिणगी मात्र शांतपणे म्हणाली, "बरं. पण समजा, ती वायर प्रोफेसरने जोडली असती तर?"

"याने? मग सगळ्यांत आधी तीच तपासली असती!"

"का?"

"का म्हणजे? माणूस चुकतो..." मामा अडखळला.

मामाने फोन खाली ठेवला. वायर तपासायचा मीटर घेतला आणि वायरीतल्या एकेका तारेच्या दोन्ही टोकांना लावून बघू लागला. पहिली तार ठीक. दुसरी ठीक. तिसरीला मीटरचा काटा हललाच नाही. चौथीलाही नाही. त्या दोन तारा प्लगच्या शेजारच्या, चुकीच्या खाचांमध्ये बसल्या होत्या.

त्याने तारा नीट बसवल्या, बोर्ड लावला आणि बटण दाबलं.

पडद्यावर डोंगर उभे राहिले! खारू आणि प्रोफेसर ओरडत नाचू लागली. मामाने एकदाही खेळून बघितलं नाही. त्याने निरोप पुसला आणि चपला पायात सरकवल्या.

"फोन कर ना काकांना!" खारू म्हणाली.

"हे फोनवर सांगायचं नसतं."

गोदामात गिऱ्हाइकं होती. मामा त्यांच्यादेखत म्हणाला, "चूक माझी होती. तुझे तिन्ही बोर्ड चांगले आहेत. मी सगळ्यांना तपासलं, फक्त स्वतःला सोडून."

काका हातातली वायर गुंडाळून ठेवत पुढे आले. मग म्हणाले, "आधी मला येऊन विचारलं असतंस तर?"

"विचारायला हवं होतं," मामा म्हणाला. "या पोरांना ते कळलं, मला नाही. हुशार आहेत रे ही!"

"हुशार तर आहेतच," काका म्हणाले, "पण त्यांनी माझं नाव वाचवलं, ते मी जन्मात विसरणार नाही." आणि त्यांनी मामासाठी बाकावर जागा करून दिली.