अर्थ सांगणारी

दार लावून घेतलं आहे, म्हणून भर दिवसा कंदील पेटवून लिहायला बसले आहे. अक्षर वाकडं दिसलं तर बोट दाखवू नका. मी शाळेची पायरी चढलेली नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचायला शिकले, आणि त्यानंतर गावात कोणाचाही कागद माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय खरा ठरला नाही. माझा शब्द खाली पडत नसे. ही गोष्ट त्याचीच आहे.

बहात्तर साल सरत आलं होतं. धान घरात आलं होतं, उन्हाला ताकद नव्हती. रविवारी दुपारी मी निघाले ती सत्यभामाबाईचं सूप परत करायला. आमचं गाव लाखांदूरच्या अलीकडे. तिचं घर गावाच्या टोकाला, बोडीपाशी. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं आमच्याकडचं लहानसं तळं. एसटी गावात येत नाही. फाट्यावर उतरून बोडीच्या पाळीवरून, म्हणजे तिच्या बांधावरून, पायी यावं लागतं.

सत्यभामाबाईच्या पडवीत दर रविवारी आठ-दहा माणसं प्रार्थनेला जमत. कृष्णराव मास्तर ती चालवत. नोकरी संपल्यावर त्यांनी ख्रिस्ती धर्म धरला होता. आम्ही छप्पन सालीच देव सोडले. दुसऱ्याचे घ्यायला मी रिकामी नव्हते. पण माझी धाकटी बहीण मंगला तिथं जाऊन बसायची, आणि ते मला खुपत होतं.

ती का जायची, ते सांगते. तिचा नवरा आनंदराव चार वर्षांपूर्वी भांडून कोळशाच्या खाणींकडं कामाला गेला. एक वर्ष पत्रं आली, मग तीही बंद. आता हिरालाल तिला मागत होता. बायको वारलेला, सरळ मनाचा माणूस. त्याच्या घरच्यांनी महिन्याची मुदत दिली होती, आणि त्यातले चारच दिवस उरले होते. मंगला मात्र एकच धरून बसली होती.

"तो हाय का गेला, इतकंच मले कोणी सांगा. मंग मी हो म्हणीन."

सूप ठेवून मी पडवीच्या खांबाला टेकले. सारवलेल्या जमिनीचा ओला वास येत होता. मंगला पुढं बसलेली, डोक्यावर पदर.

सत्यभामाबाई हसली. "धुरपताबाई, टेकल्या न शेवटी?"

"पाय दुखून राहिले म्हणून टेकली," मी म्हटलं. "तुमच्या देवासाठी नाई."

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांचा एक नियम होता. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा नियम, म्हणायचे. कोणाच्या अंगात आत्मा येऊन तो अन्य भाषेत बोलला, तर दुसऱ्या कोणीतरी उठून त्याचा अर्थ सांगायचा. अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्यानं गप्प व्हायचं. आणि सांगितलेला अर्थ बाकीच्यांनी पारखून घ्यायचा.

फाट्यावर साडेचारच्या एसटीचा हॉर्न वाजला. गाणं संपलं. आणि रंभाबाई बोलू लागली.

रंभाबाई म्हणजे गावाच्या गुरांमागे शेण गोळा करत फिरणारी म्हातारी. चार शब्द सलग बोलताना जिची जीभ अडखळायची, ती त्या दिवशी घडाघडा बोलत होती. भाषा गोंडी नव्हती, तेलुगू नव्हती, या मुलखातली कोणतीच नव्हती. डोळे मिटलेले, चेहरा हसरा.

"तहल शिमा रोन... शिमा रोन तहल..."

पुन्हा पुन्हा तेच. मग ती थांबली.

"अर्थ कोणाले मिळाला?" मास्तरांनी हळूच विचारलं.

मंगलानं मागं वळून सगळ्यांचे चेहरे पाहिले. त्या नजरेतली भूक मला बघवेना. कोणी काही सांगणार नाही, ही पोर तशीच वाट पाहत राहील, हिरालाल दुसरीकडं जाईल... मी खांब सोडून पुढं झाले.

"मले मिळाला."

मास्तर चमकले. "तुमाले, धुरपताबाई?"

"काहून? आत्मा काय तुमची हजेरी पाहून येते?"

आणि मी सांगितलं. "आनंदराव गेला. वाट पाहू नोको मंगला. तो पाण्यात हाय."

खोट्याला खुंटी लागते, नाहीतर ते टिकत नाही. म्हणून पुढचंही जोडलं. "एका पायात चप्पल हाय. दुसरी वर राहून गेली."

"पारख कोण करते?" मास्तरांनी विचारलं. कोणीच मान वर केली नाही. माझ्या शब्दाची पारख त्या गावात कधी कोणी केलीच नव्हती.

मंगला रडली नाही. तिनं लांब श्वास सोडला, डोक्यावरून ओझं उतरवावं तसा. मला वाटलं, जिंकले. मग आणखी एक गाणं म्हणून झालं.

अंगणात पावलं वाजली. सिंगाडे काढणारा कवडू ढीवर धावत आला, कमरेपर्यंत भिजलेला. हातात एक चप्पल.

"मंगलाबाई... तुमचा मालक..."

कवडूनं धापा टाकत सांगितलं ते असं. आनंदराव साडेचारच्या एसटीनं उतरला. पाळीवरून मजेत येत होता. लांबूनच कवडूला हाक मारून त्यानं विचारलं, मंगला घरीच आहे ना? कवडूनं हो म्हटलं. तो हसला. आणि मग, पाळीच्या मध्यावर, एकदम थांबला.

"कोणी हाक मारल्यावानी थांबला, बापा. इकडं, या घराकडं पायलं. आन् चालत चालत पाण्यात उतरला. मी आवाज देऊन राहिलो... त्यानं वळूनसुद्धा पायलं नाई."

एक चप्पल पाळीवर राहिली होती. दुसरी, त्याला बाहेर काढला तेव्हा, पायातच होती.

मंगलानं माझे पाय धरले. तिला वाटलं, मला दिसलं होतं. साऱ्या गावाला तसंच वाटलं. पुढं हिरालालशी तिचं लग्न झालं, संसार सुखाचा झाला. मी मात्र त्या पडवीत परत पाय ठेवला नाही. मास्तर दोनदा बोलवायला आले. मी दारातूनच परत पाठवले.

महिनाभरानं विहिरीवर रंभाबाई भेटली. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"धुरपता... त्या दिवशी अर्थ उलटा सांगितला काय वो?"

माझ्या हातातला दोर सुटला. "तुले मालूम होता काय अर्थ?"

"मले कायचा मालूम? पण मौतीचं बोलणं तोंडाले खारट लागते. त्या दिवशीचं गोड होतं... गुळावानी."

तिनं घागर उचलली आणि निघून गेली.

याला आता सतरा वर्षं झाली. हिरालाल गेला, मास्तर गेले, रंभाबाई गेली. गेल्या उन्हाळ्यात मंगलाचं एक अंग लुळं पडलं, वाचा गेली. मी तिला माझ्या घरी आणलं. माझी सून विमला तिचं सगळं करते. आठ महिन्यांत मंगलाच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं.

गेल्या रविवारी दुपारी मी तिला पेज भरवत होते. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मंगलानं चमचा दूर सारला. चेहरा हसरा झाला. आणि घडाघडा बोलली.

"तहल शिमा रोन... शिमा रोन तहल..."

विमला चुलीपासून उठून आली. "मावशी बोलल्या! काय म्हणून राहिल्या, सासूबाई?"

मला समजलं होतं. शब्दन् शब्द. आईच्या तोंडची भाषा समजावी तसं. मी आलो आहे. पाळीवर आहे. दार उघडं ठेव.

"पाणी मागते," मी म्हटलं.

विमला पाणी आणायला आत वळली. तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. एक चट्... एक थप्... एक चट्... एक थप्... एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. ओला. उंबऱ्यापाशी येऊन थांबली. मी उठून कडी लावली, ती तेव्हापासून उघडलेली नाही. विमला मागच्या दारानं जाते-येते आणि सासू चळली म्हणते. म्हणू दे.

आज पुन्हा रविवार. हॉर्न आत्ताच वाजून गेला. मंगला बोलून झाली आहे. कडीकडं ती पाहतसुद्धा नाही. तशीच मान वळवून, त्या दिवशीसारखी, माझ्या तोंडाकडं पाहत आहे.

आणि बाहेर, उंबऱ्यापाशी, मी काय अर्थ सांगते तेच ऐकायला कोणीतरी थांबलं आहे.