केउटपाड्याची ओली पावलं

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्यानं वडगाव रासाईला यावं आणि आमच्या विहिरीचं पाणी चाखून बघावं.

गेल्या सालची लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. भीमेच्या काठाला आमचं गुऱ्हाळ आहे. सणामुळं चुलाण थंड होतं.

त्या चुलाणाला जाळ घालायचा भ्रमर. ओडिशाचा. कढई पडून त्याच्या उजव्या पायाचा अंगठा गेलेला.

त्याचं गाव केउटपाडा. पुढं समुद्र, मागं खाडी, मध्ये भातशेती. समुद्रानं आधी शेतं खाल्ली, मग देऊळ, मग घरं. उरलेली माणसं कुणी सुरतेला, कुणी केरळात, कुणी इकडं.

"नकाशात गाव हाय अजून, आबा," तो हसून म्हणायचा. "आदमी एक बी न्हाई."

त्या संध्याकाळी त्यानं तुराट्यांची जुडी पेटवली. त्यांच्याकडं दिवाळीला पूर्वजांना अशी हाक मारतात. अंधारात या, उजेडात परत जा. जुडी शेवटपर्यंत जळाली पाहिजे. तोच त्यांचा परतीचा रस्ता.

त्याला आईला बोलवायचं होतं. ती घरासकट समुद्रात गेली होती.

नदीकडं तोंड करून त्यानं हाक मारली. तेवढ्यात माझा मुलगा विक्रम पळत आला. शेजारीच उसाचं वाळलं पाचट होतं.

"भ्रम्या, फटाके कमी पडले व्हय? रान पेटवतो का काय!"

त्यानं जुडीवर बादली ओतली.

भ्रमरनं भिजलेली जुडी उचलली. "विक्रमभाऊ, वो लोग आ गए थे."

"मग चहा पाज त्यांना."

आणि कुत्री गप्प झाली...

गावात फटाके उडताना दिसत होते. आवाज येत नव्हता.

मग नदीकडनं... चप्, चप्. पाण्यातून माणसं चढतात तसं.

एकदोघं नव्हे. सारं गाव.

दिसलं कुणीच नाही.

सकाळी गुऱ्हाळाभोवती ओली पावलं होती. बायांची, पोरांची. ऊन चढलं, पावलं वाळली... आणि पांढरी झाली. मी बोट लावून चाखलं.

मीठ.

पुढच्या आठवड्यात विहीर खारी झाली. "जमीन क्षारपड हाय," तपासायला आलेला साहेब म्हणाला. असेल. पण पाण्याला माशांचा वासही येतो.

भ्रमर रोज जुड्या पेटवायचा. आता विक्रमच त्या बांधून द्यायचा. पावलं पुसली गेली नाहीत.

"इथनं जात न्हाईत ते," एक दिवस भ्रमर म्हणाला. "मी तिकडं जाऊन उजेड दाखवतो. गाव होतं तिथनं."

"आरं, तिथं उभं राहायला जमीन तरी हाय का?"

"होडी मिळंल, आबा."

तो गेला. फोन लागेना.

पावसाळा झाला. पावलं तशीच राहिली.

यंदा लक्ष्मीपूजनाला आम्ही काही पेटवलं नाही. दारात पणतीसुद्धा नाही. तरी कातरवेळेला कुत्री गप्प झाली...

सकाळी विक्रम मला हाताला धरून गुऱ्हाळावर घेऊन गेला.

पांढऱ्या पावलांच्या मागं नवी पावलं होती. एकाच माणसाची. नदीकडनं आलेली, अजून ओली.

उजव्या पायाला अंगठा नव्हता.

तुराट्या घरात आहेत. विक्रम रोज विचारतो, पेटवू का?

पेटवून त्याला पाठवायचं कुठं, ते मला कळत नाही.