मागच्या दाराचा पाहुणा

साल १८९९. शिकागोजवळच्या एका श्रीमंत क्लबात गोल्फ शिकवायला स्कॉटलंडहून वॉटी इमरी आला. साहेबलोक त्याच्याकडून खेळ शिकत. पण क्लबाच्या इमारतीत शिकवणाऱ्याने पाऊल टाकायचं नाही, अशी रीत होती. त्याचं ताट मागच्या दारी मिळे.

आयर्लंडची हनोरा तिथे स्वयंपाकघरात होती. एका पावसाळी दुपारी तिने न बघताच बटाटे धुतलेलं पाणी बाहेर भिरकावलं... ते थेट वॉटीच्या डोक्यावर!

"अगं बाई! दिसलाच नाहीत हो!"

"इथे कुणालाच दिसत नाही मी," केसांतली साल काढत तो म्हणाला. "तुम्ही निदान आंघोळ तरी घातलीत."

तिला हसू आवरेना. तेव्हापासून तो पायरीवर बसून जेवी, ती चौकटीला टेकून उभी राही.

"आमच्याकडे वाऱ्याला मीठ असतं," तो म्हणे. "इथला वारा अगदीच अळणी."

"मग ताटात घालू का चिमूटभर?"

पानगळीत त्याने मोठी स्पर्धा जिंकली. चषक क्लबाच्या दिवाणखान्यात मांडला गेला, वॉटी पायरीवरच.

बर्फ पडलं की मैदान बंद होई, शिकवणारे बोटीने मायदेशी जात. काही वसंतात परतत, काही नाही. निघताना टोपी चुरगाळत त्याने विचारलं, "परत... यावं का मी?"

तो गेला तर तिच्याशी दोन शब्द बोलणारं कुणी उरणार नव्हतं. पण थट्टेची सवय! "नाही आलात म्हणून काय अडतंय? बोट भरून स्कॉट येतील!"

तो हसला नाही. "खरंय," म्हणाला, आणि गेला.

हनोराने मळायचं पीठ तसंच टाकलं. मागून वळसा घालेपर्यंत पुढच्या दाराशी उभी असलेली त्याची घोडागाडी निघाली असती. ती पिठाच्या हातांनी सरळ, नोकरांना मनाई असलेल्या दिवाणखान्यात घुसली. जेवणाऱ्या साहेबलोकांचे काटे-चमचे हवेतच थांबले. गालिच्यावरून धावत ती पुढच्या दाराने बाहेर पडली.

"वॉटी! जाऊ नकोस!"

तो थक्क होऊन बघत राहिला. "हनोरा, नोकरी गेली तुझी..."

"जाऊ दे. तू थांब."

तो थांबला. नाताळात त्यांचं लग्न झालं. त्या क्लबाने दोघांनाही पुन्हा घेतलं नाही. मग हे गाव, ते गाव. वॉटी पुढे काही जिंकला नाही, घरीही कधी गेला नाही. संध्याकाळी पूर्वेकडे तोंड करून तो उभा राही. हनोरा काही न विचारता शेजारी जाऊन थांबे. १९२७ साली तो वारला, त्यानंतरही ती तशीच उभी राहत असे. तिचंही गाव त्याच दिशेला होतं. त्याच्यापाशी मात्र तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.