विल्होचा पाइन

तौनो पार्विआयनेनचं काम म्हणजे झाडाला कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. निरोगी पाइन खणखणीत बोलतो. आतून कुजलेला नुसताच भद्द वाजतो. शंका उरली तर पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढायची आणि ती बघून सांगायचं, हे झाड तोडायला घ्या, ते सोडा. तीस वर्षं हेच केल्यामुळे त्याला माणसांपेक्षा झाडं लवकर कळत. बायको सोडून गेली तेव्हासुद्धा तो म्हणाला होता, बाहेरून तर सगळं ठणठणीत दिसत होतं.

मे महिन्यात बर्फ वितळल्यावर तो आईला भेटायला आला. आधी दफनभूमीत जाऊन वडिलांच्या थडग्यावरचा पाचोळा काढला आणि जंगलातल्या जुन्या पायवाटेने घराकडे निघाला. निम्म्या वाटेवर वडिलांचा पाइन होता. त्या भागात कुणी वारलं की शवपेटी नेताना निम्म्या वाटेत थांबतात, एका पाइनच्या खालच्या फांद्या छाटतात, थोडी साल सोलून मेलेल्याच्या नावाची आद्याक्षरं आणि जन्म-मृत्यूची वर्षं कोरतात. पुढेमागे तो घरच्या ओढीने परत निघालाच, तर आपलीच अक्षरं वाचून त्याला आठवतं की आपण मेलोय, आणि तो मुकाट्याने मागे फिरतो. तौनोचा यावर फार विश्वास होता असं नाही. पण सहा वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा त्यांची, विल्होची, अक्षरं त्यानेच कोरली होती.

आता ती दिसत नव्हती. त्यांच्यावर घोड्याच्या खुराएवढी, तशीच कडक, तपकिरी बुरशी उगवली होती. दोन्ही अक्षरं आणि वर्षं, सगळं तिच्याखाली.

तौनोला आश्चर्य वाटलं नाही. वाटली ती लाज. कारण हा पाइन त्याने मुद्दाम निवडला होता. त्या दिवशी शवपेटी खाली टेकल्यावर त्याने सवयीने दोनतीन झाडं ठोकून पाहिली होती. हे एक आतून कुजायला लागलं होतं, लाकूड म्हणून टाकाऊ होतं. मग चांगला पाइन कशाला खराब करा? वडिलांनीही हेच केलं असतं. विल्होने जन्मात कधी दोरी कापली नव्हती. तास लागला तरी गाठ सोडवत बसे.

त्याने गिरमिट चालवलं. कांडी आलीच नाही, ओला भुगा आला. शेजारचा पाइन ठोकला. भद्द. त्याच्या पुढचा ठोकला. तोही भद्द. मग तो दफनभूमीच्या बाजूला वीस पावलं मागे गेला आणि तिथली झाडं ठोकली. सगळी खणखणीत.

कुजलेल्या झाडांना लाल फीत बांधून तो पुढे गेला. सात झाडं निघाली. सातही पायवाटेलगत, एकामागे एक, घराच्या दिशेने.

ही बुरशी वाऱ्यावर पसरते. वारा या जंगलात घराकडून दफनभूमीकडे वाहतो, तोही वर्षातले दहा महिने. शिवाय झाड आतून पोखरायला तिला वीसपंचवीस वर्षं लागतात. तौनोने हे सगळं मनाशी दोनदा घोकलं. घोकून काही उपयोग झाला नाही.

ऑगस्टमध्ये तो परत आला तेव्हा लाल फितींच्या पुढे आणखी सोळा झाडं भद्द वाजली. प्रत्येकावर कोवळी बुरशी होती आणि प्रत्येक बुरशी खोडाच्या घराकडच्या अंगाला उगवली होती.

घरी त्याची आई इम्पी आणि शेजारचा कौको कॉफी पीत बसले होते. कौको विल्होबरोबर चाळीस वर्षं लाकूडतोडीला जायचा. हाताचं एक बोट तिथेच सोडून आला होता आणि त्याबद्दल कुणी विचारलं की रागवायचा.

"आले डॉक्टर," कौको म्हणाला. "काय म्हणतोय पेशंट?"

तौनोने लपवलं नाही. तेवीस झाडं, सरळ रेषेत, असं सांगितलं.

"सौनाच्या न्हाणीघरापासून किती लांब?" आईने विचारलं. दुधाचा भाव विचारावा तितक्या साधेपणाने.

"अजून तीनशे पावलं असेल. का?"

"काही नाही. हे पाय दुखतात म्हणत होते."

"हे म्हणजे कोण?"

"तुझे वडील. दुसरं कोण आहे मला?"

कौकोने कप खाली ठेवला. निघताना त्याने तौनोला अंगणात बाजूला घेतलं.

"लेका, तू शिकलेला माणूस. माझं हसू येईल तुला. पण असा एकदा घरात शिरला की तो एकटा परत जात नाही. न्यायला येतात ते. माझ्या आत्याला नेलं, तेव्हा तिच्या नवऱ्याचा पाइन वादळात पडलेला होता."

"काका, म्हातारी माणसं मरतात. त्याला पाइन कशाला पडायला हवा?"

"मग राहू दे. पण मी तुझ्या जागी असतो तर नवं चिन्ह कोरलं असतं. घराच्या अलीकडे, आणि धडधाकट झाडावर. ते किडकं झाड कुणी निवडलं देव जाणे."

आपणच निवडलं, हे तौनोने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

कामाच्या गडबडीत सप्टेंबर गेला. म्हणजे तौनो असं म्हणत असे. खरं तर त्याला भीती वाटत होती. रात्री झोप येत नसे. उठून तो आपल्या शहरातल्या घराची चौकट बोटाने वाजवून पाही, खिडकीची पट्टी, टेबलाची कड. दिवसा सहकारी विचारत, सारखा कशाला टकटक करतोस रे?

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी तो पोचला. रस्त्यापर्यंत भाजल्या माशाचा वास येत होता. आई अंगणात होती. तिचं नखभरही काही दुखत नव्हतं, उलट गाल लाल झाले होते, पण खांदे इतके उतरले होते की स्वेटर तिच्या अंगावर लोंबत होता. हात हातात घेतला तर तो मऊ लागला, ओल्या ढलपीसारखा.

"जेवत नाहीस का तू?"

"दोघांचं करते. मला मग भूक राहत नाही."

तो कुऱ्हाड घेऊन बाहेर पडला. नवं चिन्ह आज कोरायचंच होतं, विश्वास असो वा नसो. त्यासाठी त्याला एक चांगला पाइन हवा होता. अंगणाच्या कडेचा ठोकला. भद्द. विहिरीपलीकडचा. भद्द. सौनामागचे तिन्ही. कुंपणाजवळचा जाडजूड पाइन, ज्यावर तो लहानपणी चढत असे, कुऱ्हाड लागताच आत दबला.

दुपारपर्यंत त्याने एक्केचाळीस झाडं ठोकली.

एकही खणखणली नाही.

मग त्याने घर ठोकलं. आजोबांनी बांधलेलं ओंडक्यांचं घर, नव्वद वर्षांत ज्याचा ओंडका हलला नव्हता. पूर्वेची भिंत बरी होती. दक्षिणेची बरी होती. जंगलाकडच्या भिंतीला, आईवडिलांच्या पलंगामागे, त्याने नुसता अंगठा टेकवला.

अंगठा पेरापर्यंत आत गेला.

आत ऊब होती.

तौनोने हात झटकून काढला आणि पँटला पुसला, परत पुसला. मग स्वैपाकघरात जाऊन उभा राहिला. आवाज शांत ठेवायचा त्याने प्रयत्न केला.

"आई, आपण शहरात जाऊ. माझ्याकडे. आजच. पाच वर्षं मागे लागलोय, आता नाही म्हणू नकोस."

तो वादाच्या तयारीत होता. इम्पीने बटाट्याची सालं गोळा केली, हात धुतले आणि म्हणाली, "बरं."

"बरं?"

"इथे आता फार ओल आहे. ह्यांच्या छातीला सोसत नाही."

तौनोने ते कानाआड केलं. ती हो म्हणाली, एवढं त्याला पुरे होतं. ती सामान भरत होती तेवढ्यात तो कौकोला घेऊन शहराच्या रस्त्याने अर्धा मैल गेला. घर हातचं गेलंच होतं. आता निदान रस्ता तरी अडवायचा होता. वळणावर एकटा उभा पाइन होता, सरळसोट, शंभरएक वर्षांचा. कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकला तर दोघांच्या कानात घंटेसारखा वाजला. असं लाकूड तौनोने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. कुणाच्या दारात असं झाड निघालं असतं, तर त्याने हात जोडून ते तसंच ठेवायला सांगितलं असतं.

"हाच?" कौकोने विचारलं.

"हाच."

त्याने फांद्या छाटल्या, साल सोलली. या वेळी आद्याक्षरांवर भागवलं नाही, शंकेला जागाच नको म्हणून पूर्ण नाव कोरलं. विल्हो पार्विआयनेन. खाली जन्माचं आणि मृत्यूचं वर्ष. ताजं लाकूड पिवळंधमक होतं, वीस पावलांवरून वाचता येत होतं. कोरताना त्याला रडू आलं. कौको दुसरीकडे बघत उभा राहिला.

"माफ करा, बाबा," तौनो म्हणाला. "तेव्हाच असं करायला हवं होतं."

तीन वाजता ते निघाले. आई पुढे बसली. दोन्ही पिशव्या तिने मांडीवर घेतल्या.

"मागे ठेव ना त्या."

"असू दे. अडचण नको."

अंगणाबाहेरच्या खाचेत गाडीचं बूड घासलं. आईचं वजन ते केवढं, आणि पिशव्यांत कपडे होते. तौनोने आरशात पाहिलं नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून तो समोर बघत राहिला.

वळण आलं. उतरत्या उन्हात ते नाव लखलखत होतं.

त्याने गाडी पाइनपाशी अगदी हळू केली. जवळजवळ थांबवलीच. इंजिन धडधडत राहिलं. तो मनात आकडे मोजत होता. दहा. वीस. तीस.

आई मान वळवून मागच्या सीटकडे बघत होती. कुणीतरी सावकाश वाचत असावं आणि त्याला वेळ द्यावा, तशी. मग ती हळूच काहीतरी बोलली, पुटपुटल्यासारखं, आणि पुन्हा सरळ बसली.

"काय झालं?" तौनोने विचारलं. "वाचलं त्यांनी?"

"वाचलं की."

"मग?"

"विचारत होते, कोण बिचारा गेला म्हणून." तिने पिशव्या नीट केल्या. "मी सांगितलं, आपल्या ओळखीचा नव्हता. चल आता, ह्यांना उशीर होतो."