बाहेरची वाट

चंद्रपुरात आता घरं पेटत नसत. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी उन्हाळ्यात पारा पन्नाशी ओलांडू लागला, तशी गादी, पडदे, अगदी बाळाची दुपटीसुद्धा कारखान्यातूनच ‘अग्निकवच’ चढवून येऊ लागली. काडी लावा, कापड काळवंडेल, पण पेट म्हणून घेणार नाही.

दवाखान्यात सुनयनाच्या मांडीवर अडीच महिन्यांची ओवी पेंगत होती. शेजारी आई, लाडवांचा डबा घेऊन.

“घ्या डॉक्टर, डिंकाचा आहे. हिला रोज दोन चारले, तुपात नुसते निथळणारे. तरी रक्तातली चरबी उतरली! तुमच्या गोळ्यांनी उतरली होती का कधी?”

“आई, पुरे गं. किती मिरवशील!”

डॉ. बोकारे हसल्या नाहीत. “हे लाडवांमुळे नाही, मावशी. अग्निकवचाचे कण पाण्यात विरघळत नाहीत, तुपात विरघळतात. धुळीतून अंगात शिरले की चरबीत दडून बसतात. ना घामातून जातात, ना लघवीतून. यकृताचा हिशेब बिघडवतात, आणि रक्तात चरबी वाढते. गादी तापली तर आणखीच सुटतात.”

“अगं बाई!” आई म्हणाली. “शेकाला बाजेखाली शेगडी ठेवायची, म्हणून मीच सगळ्यात जाड कवचाची गादी आणली.”

“पण माझी तर उतरली ना?” सुनयनाने विचारलं. “मग ते कण गेले कुठे?”

डॉक्टरांनी ओवीच्या टाळूवरून बोटं फिरवली. “दुधातही चरबी असते, सुनयना. बाहेर पडायला त्यांना तेवढी एकच वाट सापडते. पहिल्या बाळाच्या वाट्याला सगळ्यात जास्त.”

आईला डब्याचं झाकण काही केल्या लावता येईना. ‘तू झालीस आणि माझी दुखणी पळाली,’ दर वाढदिवसाला औक्षण करताना ती लेकीला कौतुकानं सांगायची.

“मग पाजणं थांबवू?” सुनयनाने विचारलं.

“छे! त्या दुधातलं बळ दुसऱ्या कशात नाही. आम्ही फायदा आणि धोका दोन्ही तोलून पाहिलंय. पाजाच. गादी मात्र आजच काढा.”

तेवढ्यात ओवी उठली, ओठ मुडपून रडायला लागली. सुनयना अजून विचारच करत होती, पण पान्हा थांबला नाही. ब्लाउज ओला झाला. तिने पदर ओढून घेतला. ओवी गटागटा पिऊ लागली, सुनयनाचं बोट मुठीत धरून.

“महिन्याने या,” डॉक्टर हलकेच म्हणाल्या. “तुमचा आकडा आणखी सुधारलेला असेल.”

“हळू पी गं, चिमणे,” सुनयना पदराआड पुटपुटली. “हळू.”